अपुरी रोजनिशी

सन १८५१ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस लंडनच्या हाइड पार्कमध्ये जे सर्वराष्ट्रीय प्रदर्शन उघडले आणि ज्याचे अनुकरण पुढे अर्धशतकभर पॅरिस, व्हिएन्ना, फिलाडेल्फिया, शिकागो अशा नगरांनी एकमेकांवर ताण करीत केले, त्याचा सरकारी तपशील आज कोणाही जिज्ञासूस सहज उपलब्ध आहे. उमेदवारी माळीकामात केलेल्या जोसेफ पॅक्स्टन नावाच्या गृहस्थाने उभारलेला लोखंडाचा आणि काचेचा तो विस्तीर्ण प्रासाद, त्यात मांडलेले सुमारे एक लाख जिन्नस, साडेपाच महिन्यांत येऊन गेलेले साठ लाख प्रेक्षक, लोखंडी पिंजऱ्यात बंदोबस्ताने ठेवलेला आणि म्हणावा तसा चमकत नाही म्हणून लोकांची निराशा करणारा कोहिनूर, हिंदुस्थानच्या दालनातील पेंढा भरलेला हत्ती आणि त्याच्या पाठीवरची अंबारी, या सर्वांची मोजदाद झालेली आहे आणि तिचे जाडजूड खंडही छापलेले आहेत. परंतु त्या प्रासादात पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न त्या खंडांना विचारला तर ते मुके राहतात.

त्याचे उत्तर मिळते ते एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या बहिणीस लिहिलेल्या पत्रात. चार्ल्स डॉजसन हा ऑक्सफर्डमध्ये नुकताच दाखल झालेला तरुण १८५१ च्या उन्हाळ्यात ते प्रदर्शन पाहून आला. एक लाख जिन्नसांपैकी त्याने बारकाईने कशाचे वर्णन केले असेल, तर फ्रेंच विभागातील एका यांत्रिक झाडाचे. त्या झाडावरचे पक्षी किलबिलत, या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेत, तेथे गर्रकन तोंड फिरवून बसत आणि मान सावरून क्षणभराने पुन्हा परत उडी मारीत. झाडाच्या बुंध्याशी एक पक्षी भुंगा खाण्याच्या खटपटीत होता. त्याची मान भुंग्याच्या दिशेने तसूभर खाली जाई आणि भुंगा काही त्याच्या चोचीत येत नसे. यंत्राचा हा दोष होता, की कारागिराचा विनोद, हे आता कोण सांगणार? पण चौदा वर्षांनंतर लुइस कॅरोल या नावाने ॲलिसची अद्भुत कथा जगाला देणारी बुद्धी एकोणिसाव्या वर्षी कोठे थबकली होती, हे त्या एका नोंदीवरून कळते. प्रदर्शनाच्या व्यवस्थापकांनी त्या झाडास यादीत जी जागा दिली असेल तिच्यावरून ते कधीच कळले नसते.

त्याच प्रदर्शनाची दुसरी साक्षीदार होती खुद्द इंग्लंडची राणी. व्हिक्टोरिया त्या वेळी एकतीस वर्षांची होती आणि वयाच्या तेराव्या वर्षापासून तिने रोजनिशीत खंड पडू दिला नव्हता. तिच्या पतीच्या प्रयत्नांतून हे प्रदर्शन सिद्ध झाले असल्यामुळे तिच्या नोंदींत पत्नीचा अभिमान ओसंडून वाहतो, हे खरे. तथापि एकदा पाहून तृप्त न होता ती वारंवार तेथे गेली, आणि आज कोणते दालन पाहिले, कोणते यंत्र कोणी समजावून सांगितले, हे घरी परतल्यावर लिहीत राहिली. राजवैभवाने दिपलेल्या इतिहासकारांना तिच्या रोजनिशीत राजकारण सापडते. प्रस्तुत लेखकास तिच्यातील चिकाटी अधिक आदरणीय वाटते.

पाहिलेल्या गोष्टीची त्याच दिवशी, तारखेसह आणि स्वतःच्या शब्दांत नोंद करणे ही सवय आपल्या समाजात फार थोड्यांना लागली, आणि ज्यांना लागली त्यांच्या वह्यांची आपण बूज राखली नाही. पेशवे दप्तरात रोजकीर्दी आणि रोजनिश्या यांचे रुमालच्या रुमाल आहेत. पण ती कचेरीची लेखणी, सरकारी आवक-जावकीची. व्यक्तीची, आणि त्यातही तरुण व्यक्तीची लेखणी शोधू गेल्यास हाताशी फार थोडे लागते.

जे लागते त्यात कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज यांची रोजनिशी अग्रभागी ठेवली पाहिजे. पाटणकर घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले हे महाराज १८७० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, विलायतेस गेले. समुद्र ओलांडणे हाच ज्या काळी धर्मसंकटाचा विषय होता त्या काळी गादीवर असलेल्या मराठा छत्रपतीने हे धाडस करावे, एवढ्यानेही त्यांचे नाव इतिहासात राहिले असते. पण त्यांनी त्याहून मोलाची गोष्ट केली. प्रवासात काय पाहिले, कोणास भेटलो, कोठे गेलो, याची नोंद ते शिकलेल्या इंग्रजीत स्वतः करीत राहिले. त्यांच्यासमवेत असलेले इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

विश्वप्रदर्शनाचा आणि या तरुण राजाचा संबंध मोठा विलक्षण, जवळजवळ चुकामुकीचा आहे. १८५१ चा तो काचेचा प्रासाद हाइड पार्कमधून उचलून लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे पुन्हा उभारलेला होता आणि महाराज लंडनमध्ये होते तेव्हा तो प्रेक्षकांनी गजबजलेला असे. पहिल्या प्रदर्शनाच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टन येथे जमीन खरेदी होऊन संग्रहालये उभी राहिली होती. आल्बर्ट हॉलचे बांधकाम त्याच वर्षी चालू होते. आणि पुढील वर्षीच्या मे महिन्यापासून तेथे प्रदर्शनांची नवी मालिका सुरू व्हावयाची होती. म्हणजे एक प्रदर्शन आपली इमारत व आपला पैसा मागे ठेवून गेलेले, आणि दुसऱ्याची तयारी चाललेली, अशा मधल्या काळात हा विशीतला मराठी राजा ते शहर पाहत होता. नोव्हेंबर १८७० मध्ये तो मायदेशी येण्यास निघाला. फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटलेले होते, पॅरिसला वेढा पडला होता. त्यामुळे परतीची वाट बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. वाटेत प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे महाराजांचा अंत झाला. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, नगराधिकाऱ्यांच्या खास परवानगीने, हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाला. तेथे पुढे १८७४ साली उभारलेली छत्री आणि तिच्याखालील अर्धपुतळा आजही आहे, आणि जवळच्या आधुनिक पुलालाही फ्लॉरेन्सवासीयांनी या हिंदी राजाचीच आठवण म्हणून नाव दिले आहे. (सिडनहॅमचा काचेचा प्रासाद १९३६ साली जळून भस्म झाला तोही ३० नोव्हेंबरलाच. अशा योगायोगांना अर्थ नसतो; पण ते एकदा ध्यानात आले की विसरत नाहीत.)

त्या रोजनिशीचे वाङ्मयीन मूल्य थोर आहे असा दावा येथे करावयाचा नाही. विसाव्या वर्षी, परक्या भाषेत, दिवसभराच्या भेटीगाठींनी थकून लिहिलेल्या नोंदी त्रोटक असावयाच्याच. परंतु तो मुलगा जे सांगतो ते अन्य कोणीही सांगू शकत नव्हते, कारण राजाच्या पदावरून आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी एकाच वेळी विलायत पाहणारा दुसरा माणूस तेथे नव्हता. आज आपल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे एक पानही नाही, याचे आश्चर्य वाटते ते वाटतेच, वर थोडा विषादही होतो.

सोळा वर्षांनंतर, १८८६ साली, साउथ केन्सिंग्टन येथेच वसाहतींचे आणि हिंदुस्थानचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात गालिचे विणणारे, नक्षी कोरणारे, मातीची भांडी घडविणारे हिंदी कारागीर प्रेक्षकांसमोर बसविले होते. खेड्यापाड्यांतील पिढीजात हस्तकलेचे दर्शन म्हणून ज्यांचा गाजावाजा झाला त्यांतील बरेचसे आग्ऱ्याच्या तुरुंगात हुन्नर शिकलेले होते, हे त्या दालनाच्या शोभेआड झाकून गेले. त्यांच्यात बक्षीराम नावाचा कुंभार होता. त्याचे वय शंभरावर दोन असे सांगत. रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराने राणीच्या आज्ञेवरून त्याचे चित्र काढले, म्हणून त्याचे नाव आणि सुरकुतलेला चेहरा तरी उरला. ज्यांची चित्रे निघाली नाहीत ते मात्र यादीतील एका ओळीत विरून गेले. त्या प्रदर्शनासाठी कलकत्त्याहून गेलेले त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी पुढे आपला प्रवास ग्रंथरूपाने लिहिला, आणि प्रदर्शन पाहावयास आलेले लोक जिन्नसांइतकेच आम्हांसही निरखीत होते, हा अनुभव त्यांनी मोठ्या मिस्कीलपणे नमूद केला. प्रदर्शन भरविणाऱ्यांच्या कागदपत्रांत ही गोष्ट येणे शक्यच नव्हते. पाहिला जाणारा माणूस लिहू लागतो तेव्हाच ती उघडकीस येते.

आता हा सारा विलायतेचा वृत्तान्त पेण-रोह्याच्या वाचकांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर आहे, आणि ते वरसईपासून सुरू होते.

पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे दारिद्र्य आणि कर्ज यांनी गांजून, १८५७ च्या आरंभी, आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पदरी पडले ते बंड. झाशीचा वेढा, शहराचा पाडाव, राणीचे निघून जाणे, लूट आणि कत्तल हे सारे त्या तिशीच्या भिक्षुकाने डोळ्यांनी पाहिले आणि जीव वाचवून तो वरसईस परतला. गंमत अशी, की ते घरून निघाले त्याच वर्षी मुंबईतही बंडाचा एक लहानसा पडसाद उमटला होता. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून जिन्नस गोळा झाले होते. त्यांतील मागे राहिलेल्या नमुन्यांचे एक संग्रहालय किल्ल्यातील बराकीत १८५७ साली नुकतेच उघडले होते, आणि फौजेस जागा हवी म्हणून ते तातडीने खाली करण्यात आले. त्या हलवाहलवीत पुष्कळ जिन्नसांची नासधूस झाली. उरलेल्यांतून आणि नव्याने मिळविलेल्या वस्तूंतून राणीच्या बागेत १८७२ साली जे संग्रहालय उभे राहिले, तेच आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. पेणहून मुंबईस गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने राणीची बाग पाहिलेली असते. तिच्या दाराशी असलेल्या त्या देखण्या इमारतीत किती जण शिरतात ते मात्र पुसू नये. तेथे नाना जातींच्या आणि नाना धंद्यांच्या माणसांच्या लहान लहान मातीच्या प्रतिमा आहेत. मातीत हात घालणाऱ्या पेणकरांनी तरी त्या एकदा डोळे भरून पाहावयास हरकत नाही.

परंतु मूळ मुद्दा गोडसे भटजींचा. त्यांनी आपला प्रवास लिहिला तो चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, परतल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. आणि सरकारी रोषाच्या धास्तीने तो ठेवून देण्यात आला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९०७ साली वैद्यांनी संस्करण करून छापला. मूळ मोडी हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांस मिळण्यास आणखी सहा दशके जावी लागली आणि त्यासाठी दत्तो वामन पोतदारांना खटपट करावी लागली. बंडाच्या धामधुमीत झोळीत वही बाळगणे म्हणजे फाशीचा दोर बाळगणे, हे खरे. त्यामुळे त्यांना दोष देण्याचे कारणच नाही. तरीही अभ्यासक जेव्हा त्यांच्या तारखांची आणि घटनाक्रमाची इतर साधनांशी सांगड घालू लागतात, तेव्हा पंचवीस वर्षांच्या अंतराची किंमत ध्यानात येते. रोह्याशी घराण्याचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शिकले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांचेही आत्मचरित्र १९७४ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आले. आपली माणसे वार्धक्यात उत्तम लिहितात. विसाव्या वर्षी पाहिलेले विसाव्या वर्षीच लिहून ठेवण्याचे मात्र आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

पेणला दरवर्षी एक प्रदर्शन भरते, आणि त्याला कोणी प्रदर्शन म्हणत नाही. माघ संपला की गणपतीच्या कारखान्यांना वेग येतो. पेण शहरातच केवळ नव्हे, तर हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे अशा गावांतूनही घरोघर पाटांवर पाट लागतात. गुजरातेतून आलेली शाडू भिजत घातलेली असते. ती मळून साच्यात दाबायची, दोन्ही अंगे जोडून सांधा ओल्या बोटाने पुसून काढायचा, हात आणि सोंड बसवायची, मूर्ती सुकायला ठेवायची, आणि आषाढातल्या दमट हवेत ती सुकेना म्हणून पंख्यांच्या झोतात रात्री काढायच्या. पुढे पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग सोवळे-शेल्याचे आणि दागिन्यांचे रंगकाम. सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. ती करणारा हात कारखान्यात बहुधा एखाददुसराच असतो. बारीक कुंचला घेऊन तो मूर्तीसमोर बसला की आसपासची बडबड थांबते, कारण बुबुळाची रेघ केसभर चुकली तर देवाची नजर फिरते आणि गिऱ्हाईकही फिरते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर उत्सवाच्या कितीतरी महिने आधी पेट्यांत बंद होऊन बंदराकडे रवाना झालेल्या असतात. मुंबईच्या वा पुण्याच्या दुकानात पोचल्यावर यांतील प्रत्येक मूर्तीची ओळख उरते ती 'पेणचा गणपती' एवढीच. डोळे कोणी आखले, हे पावतीवर लिहिलेले नसते. १८८६ च्या प्रदर्शनातील बिननावाच्या कारागिरांविषयी हळहळणाऱ्या आपण आपल्याच आळीतल्या हातांची नावे कोठे नोंदविली आहेत?

हे काम सरकारी खात्यावर सोपवावे, असे सुचविण्याचा मोह होतो. पण खात्याकडून यादी होईल, आणि यादीची मर्यादा वर सांगितलीच आहे. हे काम शाळेतल्या मुलांचे आहे. आज त्यांच्याकडून 'मी पाहिलेले प्रदर्शन' किंवा 'आमची सहल' या मथळ्याचा जो निबंध लिहवून घेतला जातो, त्यात मुले सकाळी लवकर उठतात, गाडीत गाणी म्हणतात, सर्वांना खूप मजा येते आणि सूर्य पश्चिमेला कलतो. मुलगा रोह्याचा असो वा पेणचा, सूर्य त्याच ओळीत कलतो. मार्गदर्शकातून उतरवून काढलेल्या या मजकुरास गुण मिळतात. खरे लिहिणाऱ्या मुलास, म्हणजे ज्याला कारखान्यात रंगाच्या वासाने मळमळले आणि मूर्तीपेक्षा उंदरांची ओळ पाहण्यातच ज्याचा वेळ गेला त्यास, विषयांतराबद्दल गुण कापून मिळतात. डॉजसनचा तो भुंगा आपल्या परीक्षकांनी निश्चित लाल शाईने खोडला असता.

मोबाइलवर छायाचित्रे निघतात, मग वही कशाला, असाही एक आक्षेप आहे. छायाचित्र उत्तम साधन आहे, त्याचा द्वेष करण्याचे कारण नाही. पण आखणी करणाऱ्या बाईंनी हा हात कोणाकडून घेतला, दिवसाला किती मूर्तींचे डोळे होतात, मजुरी कशी ठरते, पाऊस लांबला की काय होते, हे विचारावे लागते, ऐकावे लागते आणि लिहावे लागते. रोह्याच्या मुलांनी हेच आपले ग्रामदैवत धावीर महाराज यांच्या पालखीविषयी करावे. पोलीस सलामी देतात त्या क्षणाचे चित्रीकरण शेकडो जण करतात. पालखी दाराशी येण्याआधी घरातल्या बायका काय काय करीत होत्या, हे त्या घरातल्या मुलीने त्याच रात्री लिहिले तर पन्नास वर्षांनी त्याचे मोल सरकारी राजपत्राहून अधिक ठरेल.

म्हणून पेण आणि रोहा तालुक्यांतील मुख्याध्यापकांना आणि मुख्याध्यापिकांना विनंती आहे, की येत्या आषाढात आठवी-नववीच्या एका तुकडीस गणपतीच्या कारखान्यात न्यावे. रोह्याहून पेण रेल्वेने दूर नाही. मुलांना चार ओळींची शिस्त सांगावी : वर तारीख आणि गाव लिहा, भेटलेल्या माणसास विचारून त्याचे नाव त्यानेच सांगितल्याप्रमाणे लिहा, जे कळले नाही ते कळले नाही म्हणून लिहा, आणि घरी गेल्यावर झोपण्याआधी लिहा. शुद्धलेखन तपासावे, पण मजकुरास हात लावू नये. वर्षअखेरीस निवडक नव्हे, सगळ्याच वह्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एका कपाटात दाखल कराव्यात आणि ग्रंथपालांनी त्यांची आवक नोंदवहीत चढवावी. यास अनुदान लागत नाही, शासननिर्णय लागत नाही. वह्या आणि एक कपाट लागते. कपाट देण्यास तयार असणारे दुकानदार या दोन्ही गावांत आहेत, त्यांनी वाचनालयात आपले नाव कळवावे.